बंदूक टाकलेल्याला पैसे, मग ज्याचं घर जळलं त्याला काय?

8 जानेवारी 2025 रोजी बेंगळुरात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्यासमोर सहा नक्षलवादी शरण आले. सहांपैकी चार बायका. उमेदीची वर्षं मलनाडच्या आणि केरळच्या सीमेवरच्या जंगलांत गेलेली माणसं. बातमीबरोबर सरकारच्या धोरणाचीही चर्चा झाली: शस्त्र खाली ठेवणाऱ्याला साडेसात लाख रुपयांपर्यंत मदत, शिवाय काम शिकण्याची सोय. आमच्या बेळगाव भागात अशा बातमीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. उसाचं बिल थकलेला शेतकरी म्हणतो, मी आयुष्यात काठी उचलली नाही, मला कोण देतंय? आणि 2005 साली पावगड तालुक्यात नक्षल्यांच्या हल्ल्यात केएसआरपीचे, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचे, जवान मारले गेले, त्यांच्या घरच्यांनी हे पैसे बघून काय म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेणाऱ्या किंवा 'देशाच्या भल्यासाठी' म्हणून झटकून टाकणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. कर्नाटकातला नक्षलवाद म्हणजे यादवी युद्ध नव्हे. पण जगात जिथे जिथे यादवी युद्ध संपलं, तिथे हाच प्रश्न हजारो, लाखो लढवय्यांच्या बाबतीत उभा राहिला, आणि त्या देशांनी दिलेली बरी-वाईट उत्तरं आज आपल्यासमोर आहेत.

पैसे का द्यायचे, इथून सुरुवात करू. फौजी माणूस घरी परतणं म्हणजे काय हे बेळगाव, खानापूर, चिक्कोडी पट्ट्याला वेगळं सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, आणि ज्या घरात कोणी ना कोणी मिलिटरीत नाही असं घर काही गावांत शोधावं लागतं. जवान रिटायर होऊन येतो तेव्हा उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, गुलाल उधळतो, सुवासिनी ओवाळतात. मागोमाग पेन्शन सुरू होते. कॅन्टीनचं कार्ड असतं, माजी सैनिकांसाठीचा ईसीएचएसचा दवाखाना असतो, बँकेत सिक्युरिटीची नोकरी मिळू शकते, सरकारी भरतीत माजी सैनिकांसाठी जागा राखीव असतात. एवढं सगळं असूनही पहिली एक-दोन वर्षं माणसाला घरात जड जातात. त्याच्या बायकोला विचारा.

आता यातली एकेक गोष्ट काढून टाका. माणूस चौदा-पंधराव्या वर्षी टोळीत गेलेला किंवा ओढून नेलेला. शाळा अर्धवट. पगार कधी नव्हताच, जे मिळालं ते लुटीतून. कागदपत्र म्हणावं असं काही नाही. कमांडर हाच आई-बाप, आणि येणारं कौशल्य एकच. तो ज्या गावात परतणार, त्याच गावातल्या शेजाऱ्याच्या घरून त्यानं धान्य उचललेलं असेल, कदाचित माणूसही. त्याच्यासाठी मिरवणूक नाही, आणि ती नसावी हेही बरोबरच. पण त्याला रिकाम्या हातानं तसाच सोडून दिलं, तर तो जाईल कुठे? पश्चिम आफ्रिकेत याचं उत्तर दिसलं. लायबेरियातले लढवय्ये पुढे आयव्हरी कोस्टच्या 2002 नंतरच्या युद्धात पैसे घेऊन लढायला गेले. शेजारी देशात नवा कमांडर रोजानं माणसं घेत असेल, तर बेकार लढवय्या हा त्याच्यासाठी तयार माल असतो. म्हणजे तो पैसा बक्षीस म्हणून दिलेला नसतो. पुढचं युद्ध लांबणीवर टाकण्यासाठी केलेला तो खर्च असतो. हे समजून घेतलं तरी मनाची चीड जात नाही, आणि ती जावी असं मी म्हणणारही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत या कामाचे तीन टप्पे मानतात. आधी शस्त्र जमा करायची. मग पथकं मोडायची, म्हणजे कमांडर आणि पोरं यांच्यातलं हुकमाचं नातं तोडायचं. आणि शेवटी माणसाला परत नागरी जगण्यात आणायचं. पहिले दोन टप्पे काही महिन्यांत उरकतात, त्यांचे फोटो निघतात, मंत्री येतात. तिसऱ्याला वर्षं लागतात आणि तोवर पैसे देणाऱ्या देशांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

पण त्याही आधी एक अडचण असते. लढवय्या कोण, हे ठरवायचं कसं? लायबेरियात 2003 च्या शांतता करारानंतर नोंदणी सुरू झाली. अंदाज होता 40 हजारांच्या आत-बाहेर लोक येतील असा. प्रत्यक्षात एक लाखाहून जास्त जणांनी नाव नोंदवलं आणि जमा झालेल्या बंदुका भरल्या फक्त 28 हजारांच्या आसपास. बंदूक नसली तरी ठराविक काडतुसं आणून दिली की नाव लागत होतं आणि नावामागे 300 डॉलर होते. कमांडरांनी आपल्या नात्यागोत्यातल्या लोकांना काडतुसं वाटली. दुसऱ्या बाजूला टोळीत पळवून नेलेल्या मुली, स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, कमांडरची 'बायको' म्हणून ठेवलेल्या. त्यांच्या हातात दाखवायला बंदूक नव्हती, म्हणून शेजारच्या सिएरा लिओनसारख्या ठिकाणी त्यांतल्या कितीतरी जणी यादीत आल्याच नाहीत. सरकारी यादीत नाव लागण्यासाठी कागद नाही तर पुरावा लागतो, आणि ज्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय झाला त्याच्याकडे बहुतेक वेळा दोन्ही नसतं.

नेपाळचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. 1996 ते 2006 या दहा वर्षांच्या युद्धात सुमारे 17 हजार माणसं मेली. 21 नोव्हेंबर 2006 ला शांतता करार झाला. माओवादी लढवय्ये सात मोठ्या छावण्यांत आणि त्यांना जोडलेल्या 21 लहान छावण्यांत राहायला गेले. संयुक्त राष्ट्रांनी एकेकाची तपासणी करून 19,602 जणांना खरे लढवय्ये ठरवलं. 4,008 जणांना बाद केलं. त्यांतले जवळजवळ तीन हजार जण शस्त्रसंधीच्या वेळी अल्पवयीन होते, उरलेले उशिरा भरती झालेले.

पात्र ठरलेले लढवय्येही छावण्यांत पाच वर्षं अडकून पडले, कारण काठमांडूत पक्षांचं आपसात जुळत नव्हतं. शेवटी 2011-12 मध्ये त्यांच्यासमोर तीन वाटा ठेवल्या: नेपाळी सैन्यात जा, रोख रक्कम घेऊन घरी जा, किंवा शिक्षण-प्रशिक्षणाचं पॅकेज घ्या. सैन्यात गेले सुमारे 1,400. हजारोंनी रोख रक्कम घेतली, हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये. आणि प्रशिक्षणाची वाट धरली फक्त सहा जणांनी. ज्या देशांत हे काम चालतं तिथले सल्लागार नेहमी सांगतात की रोख देऊ नका, पैसे उडतात, त्यापेक्षा हुन्नर शिकवा. नेपाळच्या पोरांनी हिशेब वेगळा केला. सरकारच्या शिकवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, हातात आलेल्या नोटांवर होता. पाच वर्षं छावणीत बसून वाट बघितलेल्या माणसाला यासाठी मी दोष देऊ शकत नाही.

आणि ते 4,008? 2010 मध्ये त्यांना छावणीतून बाहेर काढलं. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं त्यांना प्रशिक्षण देऊ केलं, पण सोबत्यांना पुढे मिळालेली रोख रक्कम तेव्हा त्यांना मिळाली नाही. अकरा-बाराव्या वर्षी ज्याला बंदूक दिली, त्याला कायद्यानं बालसैनिक, म्हणजे स्वतःच गुन्ह्याचा बळी, म्हणायला हवं होतं. गावात मात्र तो 'अयोग्य' ठरून परतला. हा शिक्का पुसावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कोर्टाची पायरी चढली.

इथवर लढवय्यांचं झालं. आता न्यायाकडे येऊ.

सर्वांत सरळ उत्तर म्हणजे ज्यानं गुन्हा केला त्याच्यावर खटला भरा. पण रवांडाचं गणित बघा. 1994 साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची, आणि मारणाऱ्यांत सैनिक होते तसे साधे शेजारीही होते. नंतर एक लाख वीस हजारांच्या आसपास संशयित तुरुंगांत कोंबले गेले. देशातले बरेचसे न्यायाधीश आणि वकील मेलेले किंवा पळालेले. नेहमीच्या कोर्टात सगळे खटले चालवायचे तर शंभर वर्षंही पुरली नसती. टांझानियातल्या अरुशा इथे बसवलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं वीस वर्षांत फक्त 93 जणांवर आरोप ठेवले. म्हणून रवांडानं गावोगाव 'गचाचा' न्यायालयं बसवली. गावानं निवडलेले प्रामाणिक म्हणवले जाणारे लोक न्यायाला बसायचे, सगळा गाव समोर, आरोपी आणि विधवा एकाच मैदानात. कबुली दिली तर शिक्षा कमी, आणि तिचा काही भाग सार्वजनिक कामात घालवायचा. 2012 मध्ये ही न्यायालयं बंद झाली तोवर सुमारे 12 हजार गचाचांनी वीस लाखांच्या जवळपास प्रकरणं निकालात काढली होती. आरोपीला वकील नव्हता, आणि युद्ध जिंकलेल्या फौजेच्या माणसांनी केलेले खून तिथे आलेच नाहीत. हे दोन्ही दोष मोठे आहेत. तरी नवऱ्याचं प्रेत कुठे टाकलं हे कितीतरी बायकांना पहिल्यांदा तिथेच कळलं.

दुसरं टोक म्हणजे सगळ्यांना माफी. सिएरा लिओनमध्ये 7 जुलै 1999 च्या लोमे करारानं बंडखोरांना सरसकट माफी दिली, त्यांच्या नेत्याला सरकारात मानाचं पद दिलं. लोकांचे हात तोडणारी ही संघटना. वर्षाच्या आत, मे 2000 मध्ये, तिनं संयुक्त राष्ट्रांचे पाचशेच्या वर शांतिसैनिक ओलीस धरले. 'यूएन मिशन' हा शब्द आपल्या मिलिटरीतल्या घरांना ओळखीचा. त्या मिशनच्या फौजेचे प्रमुख तेव्हा भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते, आणि कैलाहून इथे वेढ्यात सापडलेल्या भारतीय जवानांना जुलै 2000 मध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून सोडवावं लागलं. त्यानंतर माफीचं धोरण बदललं. संयुक्त राष्ट्रांबरोबर करार करून 2002 साली विशेष न्यायालय उभं राहिलं. त्यानं सगळ्यांना नाही, तर सर्वांत जास्त जबाबदार असलेल्या मोजक्या लोकांनाच धरलं. अठरा वर्षांखालच्या कोणावरही खटला भरायचा नाही असं फिर्यादी पक्षाच्या वकिलानं ठरवलं, कायद्यानं मुभा असतानाही. शेजारच्या लायबेरियात बसून या बंडखोरांना हत्यारं पुरवणारा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर 2012 साली दोषी ठरला आणि त्याला 50 वर्षांची शिक्षा झाली.

माफी नेहमीच फसते असंही नाही. मिझोरमचं बंड 1966 साली सुरू झालं, आयझॉलवर आपल्याच वायुदलानं बॉम्ब टाकले, गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला वसवली. वीस वर्षांनी, 30 जून 1986 ला करार झाला आणि ऑगस्टमध्ये बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. गुन्ह्यांचा हिशेब मांडणारा आयोग बसला नाही, आणि शांतता आजवर टिकली. मला वाटतं त्याचं कारण असं, की तिथे लढणारे आणि गावकरी एकाच समाजाचे होते, चर्चनं मध्यस्थी केली होती, आणि मागणीला स्वतंत्र राज्याच्या रूपानं राजकीय उत्तर मिळालं होतं. सिएरा लिओनमध्ये यातलं काहीच नव्हतं. तरीही ज्यांची गावं उठवली, त्यांचं दुःख मिझोरममध्ये सरकारी दप्तरात कधी नीट मांडलं गेलं नाही, हा भाग आपण शांततेच्या कौतुकात विसरू नये.

वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेनं या दोन टोकांच्या मधली वाट काढली: सगळं खरं सांगा, मग माफीचा विचार करू. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली थोड्यांनाच.

आणि काही माणसं कुठल्याच खणात बसत नाहीत. युगांडातला डॉमिनिक ओंगवेन नऊएक वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवर बंडखोरांनी पळवला. त्याच टोळीत तो वाढला, मारायला शिकला, ब्रिगेडचा कमांडर झाला, आणि त्यानं दुसऱ्यांची लेकरं पळवली, मुलींना गुलाम केलं. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं 2021 साली त्याला 61 गुन्ह्यांत दोषी धरलं. शिक्षा 25 वर्षं. जन्मठेप दिली नाही, कारण तो स्वतः पळवलेलं पोर होता. त्यानं ज्यांच्या मुली नेल्या त्यांना ही शिक्षा कमी वाटली, आणि टोळीतून सुटून आलेल्या काहींना जास्त. मी हा निकाल अनेकदा मनात घोळवला आहे आणि न्यायाधीशांच्या जागी असतो तर वेगळं काय केलं असतं हे मला सुचलेलं नाही.

आता शेतकऱ्याच्या त्या प्रश्नाचा अवघड अर्धा भाग. पीडिताला काय? सिएरा लिओनमध्ये 72 हजारांहून जास्त लढवय्यांना शस्त्र खाली ठेवल्यावर पैसे आणि प्रशिक्षण मिळालं, आणि 2004 पर्यंत तो कार्यक्रम संपलाही. हात तुटलेली माणसं तेव्हा छावण्यांत भीक मागत होती. पीडितांसाठीची पहिली रोख मदत 2009 च्या सुमारास आली, माणशी साधारण 100 डॉलर. नेपाळमध्ये मेलेल्यांच्या वारसांना आधी एक लाख आणि मग टप्प्याटप्प्यानं वाढवत दहा लाख नेपाळी रुपये दिले. पण ज्यांना कोठडीत छळलं, ज्या बायकांवर बलात्कार झाले, त्यांचा या अंतरिम मदतीत समावेशच नव्हता. सत्य आयोग 2015 साली नेमला, साठ हजारांहून जास्त तक्रारी आल्या, आणि आयोगाची मुदत वाढत गेली. त्याच्या कायद्यातली गंभीर गुन्ह्यांना माफी देणारी कलमं नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केली, तर कायदा दुरुस्त व्हायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून असलेला दावा उराशी धरून बसलेल्या आपल्या सीमाभागाला, निकालाची वाट बघण्यात माणसाचं वय कसं सरतं हे समजावून सांगायला नको.

हा क्रम केवळ अन्यायाचा आहे म्हणून वाईट नाही. त्यानं काम बिघडतं. युद्धानंतर सिएरा लिओनमध्ये अभ्यासकांनी माजी लढवय्यांची मोठी पाहणी केली, तेव्हा पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गेलेले आणि न गेलेले यांच्यात फारसा फरक आढळला नाही. फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. ज्याच्या तुकडीनं नागरिकांवर जास्त अत्याचार केले होते, त्याला गाव स्वीकारत नव्हतं. म्हणजे शिवणयंत्र आणि सुतारकामाची पेटी देऊन माणूस परत येत नाही. दार गावाच्या हातात असतं, आणि समोरच्या घरातल्या बाईला काही मिळालं नसेल, निदान कोणी तिला विचारलंही नसेल, तर ते दार उघडावं अशी अपेक्षा तिच्याकडून कुठल्या तोंडानं करायची? कर्नाटकात शरण आलेल्यांवरचे खटले सुटलेले नाहीत, ते कोर्टात चालायचे आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये गडचिरोलीत नक्षल नेता भूपती आणि त्याच्या 60 साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवली. तिथेही खबरी ठरवून मारलेल्या आदिवासींची घरं आहेत. शरणागतांच्या मदतीचा आकडा जाहीर होतो त्याच दिवशी या घरांना काय दिलं, काय राहिलं, तेही जाहीर करावं, एवढी साधी मागणी आपण करू शकतो. पोलिसांच्या खोट्या चकमकीत कोणी मेलं असेल तर तोही हिशेब त्याच कागदावर यावा.

दोन्ही बाजू एकाच कागदावर आणण्याचा आजवरचा सर्वांत मोठा प्रयत्न कोलंबियात चालू आहे. फार्क या गनिमी संघटनेशी सरकारनं पन्नास वर्षं युद्ध केलं. करारावर 2 ऑक्टोबर 2016 ला जनमत घेतलं, आणि अगदी निसटत्या फरकानं लोकांनी तो नाकारला. मात्र बोजाया नावाच्या गावी, जिथे 2002 साली फार्कच्या गॅस सिलिंडरच्या बॉम्बनं चर्चमध्ये आसरा घेतलेल्या डझनावारी लोकांचा बळी घेतला, तिथे शंभरातल्या नव्वदाहून अधिक मतं कराराच्या बाजूनं पडली. जनमताआधी फार्कचे नेते तिथे जाऊन माफी मागून आले होते. करार सुधारून नोव्हेंबर 2016 मध्ये पुन्हा सही झाली. सुमारे 13 हजार लोकांनी शस्त्रं टाकली. त्यांना दोन वर्षं किमान वेतनाच्या 90 टक्के भत्ता आणि धंद्यासाठी भांडवल मिळालं. पीडितांच्या नोंदणीचा कायदा त्याआधीच, 2011 साली, झाला होता.

खटल्यांसाठी 2018 मध्ये विशेष न्यायालय सुरू झालं. तिथला नियम असा: सुरुवातीलाच सगळं खरं कबूल केलं तर पाच ते आठ वर्षं हालचालींवर बंधन आणि नुकसान भरून काढणारं काम, लपवलं आणि गुन्हा शाबीत झाला तर वीस वर्षांपर्यंत तुरुंग. याच न्यायालयासमोर सैन्याचे अधिकारीही उभे राहिले, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शत्रूची प्रेतं मोजून रजा आणि बढती मिळते म्हणून, नोकरीच्या आमिषानं गरीब पोरांना नेऊन मारायचं आणि गनिम म्हणून दाखवायचं, असे 2002 ते 2008 या काळात 6,402 बळी गेल्याचं न्यायालयानं 2021 साली सांगितलं. त्या पोरांच्या आया इतकी वर्षं हेच ओरडून सांगत होत्या.

सप्टेंबर 2025 मध्ये पहिल्या शिक्षा झाल्या. फार्कच्या सात वरिष्ठ नेत्यांना अपहरणांसाठी जास्तीत जास्त म्हणजे आठ वर्षं, आणि त्याच आठवड्यात बारा माजी सैनिकांनाही खोट्या चकमकींसाठी शिक्षा. अपहरण झालेले 21 हजारांच्या वर. ज्यांनी जंगलात साखळदंडात वर्षं काढली त्यांतल्या अनेकांनी हा न्याय नव्हे म्हणून सांगितलं, आणि त्यांचं ऐकून घेतलं पाहिजे. करारानंतर शस्त्र टाकलेल्यांपैकीही चारशेहून अधिक जणांचे खून झाले आहेत, कारण ज्या भागांतून फार्क हटली तिथे दुसऱ्या टोळ्या घुसल्या आणि सरकार पोचलं नाही. शिक्षेतलं काम म्हणजे सुरुंग शोधून काढणं, स्मारकं उभारणं, बेपत्ता माणसांचा ठावठिकाणा लावणं. बेपत्तांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि अनेकांना कुठे पुरलं हे फक्त पुरणाऱ्यालाच ठाऊक आहे. कुठलं काम कुठल्या गावात करायचं, यात त्या भागातल्या पीडितांना विचारात घेण्याचं बंधन न्यायालयावर आहे.